फुगलेले खड्डे

मंगळवारी दुपारी दोन वाजून पस्तीस मिनिटांनी तो चंद्राचा एक तुकडा कापत होता. पडद्यावर राखाडी रंगाचा नकाशा, नकाशावर एक मोठा खड्डा, खड्ड्याभोवती माउसने आखलेला चौकोन. चौकोनाबाहेरचं सगळं त्याने पुसलं. उंचीच्या रकान्यात चारचा आकडा भरला आणि आकड्याआधी वजाचं चिन्ह राहिलेलं नाही ना, हे पडद्याला बोट लावून पाहिलं. मग तुकडा छपाईला पाठवला. तळहाताएवढाच होता, यंत्राने संध्याकाळपर्यंत वेळ मागितला.

शाळांसाठी उठावाचे नकाशे आणि गोल बनवणाऱ्या कार्यशाळेत त्याची अर्धी हयात गेली आहे. डोक्याला पडलेल्या गोल टकलामुळे सगळे त्याला चांदोबा म्हणतात. चंद्राचं काम नंतर आलं. यानांनी मोजलेल्या उंच्यांचा सपाट नकाशा घ्यायचा, मॅपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तो गोलावर गुंडाळायचा, शिवण दिसणार नाही अशी कडेला कड जुळवायची आणि गोलाची दोन शकलं करून छापायची, असं ते काम. खरं माप ठेवून भागत नाही. चार किलोमीटर खोल खड्डा साठ सेंटिमीटरच्या गोलावर पाऊण मिलिमीटरसुद्धा भरत नाही. बोटाला कळावा म्हणून उंची चौपट करावी लागते.

गेल्या आठवड्यात दिलेला चंद्राचा गोल बोटांसाठीच होता. अंध मुलांच्या शाळेने तो मागवला होता आणि त्या शाळेत त्याची थोरली बहीण भूगोल शिकवते. ताईची नजर सतराव्या वर्षी गेली. तेव्हापासून पाहायचं खातं त्याच्याकडे आहे. पुढचं सगळं कॉलेज त्याने तिला मोठ्याने वाचून दाखवलं. दूध नासलंय हे ती त्याच्याआधी ओळखते, पण बाहीवरचा डाग गेला की नाही, हे त्यालाच विचारते. डाग असला तर तो आहे म्हणून सांगतो. एकदा तिच्या मुलाखतीच्या दिवशीसुद्धा सांगितला होता आणि ती कपडे बदलून गेली होती.

त्या गोलात झालेली चूक सवयीची होती. पूर्वी कार्यशाळेत थेट साचाच छापत. साच्यात सगळं उलटं लागतं: डोंगराच्या जागी खळगा, खळग्याच्या जागी डोंगर. म्हणून उंचीला वजा चिन्ह द्यायचं. गेल्या वर्षी नवा साचेवाला आला. तो छापलेल्या गोलावरून रबराचा साचा स्वतः काढतो, म्हणजे उलटं करण्याचं काम त्याच्या हातून आपोआप होतं. चांदोबाने वजा चिन्ह दिलं, साचेवाल्याने साचा काढला आणि ओतून आलेल्या चंद्रावर खड्ड्यांचे फुगवटे झाले.

ते कोणाला दिसलं नाही, कारण फुगवट्यावर खालून उजेड पडला तर डोळ्याला तो खड्डाच वाटतो. गोलाचा दिवा स्टँडच्या पायाशी होता. साचेवाल्याला मात्र साचा काढताना शंका आली होती म्हणे. नंतर तो म्हणाला, “मला वाटलं, चांदोबाला चांदोबा नाही कळणार तर कोणाला?”

शुक्रवारी गोल शाळेला देण्याचा छोटा कार्यक्रम झाला. मुख्याध्यापिका होत्या, देणगीदार होते, एक जण फोटो काढत होता. पहिला हात ताईचा. तिने दोन्ही तळवे गोलावर ठेवले, सावकाश फिरवले आणि थांबली.

“अरे, खड्डे म्हणाला होतास ना?” ती म्हणाली. “हे तर फोड आहेत. भोवती चर, मधे फुगलेलं, आणि वर बेंबीसारखा खळगा.”

त्याला त्याच क्षणी सगळं कळलं. वजा चिन्ह डोळ्यांपुढे आलं. देणगीदार त्याच्याकडे पाहत होते. तो म्हणाला, “चंद्रावरचे खड्डे असेच असतात, ताई.”

“असं होय,” ती म्हणाली. “मग मीच चुकीचं शिकवत होते.”

लोक हसले. टाळ्या झाल्या. फोटोत तोही हसताना दिसतो.

शनिवार-रविवार त्याने सारवासारवीचे बेत करण्यात घालवले. नवा गोल करायचा, तडा गेल्याचं निमित्त सांगून जुना उचलायचा, गुपचूप बदलून टाकायचा. मुख्याध्यापिकांच्या बाबतीत हे खपलं असतं. ताईच्या बोटांपुढे ते एक मिनिट टिकलं नसतं. तरीही त्याने तिला फोन केला नाही.

सोमवारी संध्याकाळी तिचाच आला. आवाज खुशीत होता. पाचवीच्या मुलांना गोल दाखवला म्हणाली. इतकी वर्षं मी खड्डे खोल असतात असं सांगत आले, ते चूक होतं, असं सांगून वर्गाची माफी मागितली. मुलांना फार मजा वाटली, बाईंचंही चुकतं म्हणून. तो बरं बरं म्हणत राहिला. फोन ठेवल्यावर त्याला जेवण गेलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, हे त्याला त्या संध्याकाळी कळलं, असं तो सांगतो. त्याहून जास्त सांगत नाही.

मंगळवारी सहाच्या सुमारास तुकडा छापून झाला. त्याने कडा घासल्या, रुमालात गुंडाळला आणि ताईचं घर गाठलं. ती स्वयंपाकघरात भांडी पुसून फळीवर लावत होती. त्याने तुकडा तिच्या हातात दिला.

तिने अंगठा आत घातला. उचललेल्या कडेवरून बोट फिरवलं, तळाशी गेली, मधला छोटा सुळका चाचपला. “हा खड्डा,” ती म्हणाली. “मग शाळेतलं काय आहे?”

त्याने सांगितलं. वजा चिन्ह, साचेवाला, दिवा, सगळं. ते तांत्रिक होतं आणि सोपं गेलं.

“गोल चुकला, ते चालतं,” ताई म्हणाली. “तुला कळलं कधी?”

“तू हात लावलास तेव्हा.”

“आणि तू म्हणालास, असेच असतात.”

“चार लोक होते, ताई.”

“त्या चार लोकांना काही दिसलं नव्हतं. मला कळलं होतं. खोटं मला सांगितलंस.”

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने राहिलेली भांडी पुसली, फळीवर लावली, फडकं वाळत घातलं. मग बाही त्याच्यापुढे धरून विचारलं, “डाग आहे का?”

“आहे. कोपराजवळ. आमटीचा असावा.”

“हे बरं सांगता येतं,” ती म्हणाली. बाही सोडून म्हणाली, “माफी मी मागितली. चूक माझी नव्हती. उद्या तू येशील आणि वर्गाला सांगशील. चूक पण सांगायची आणि माझ्याशी खोटं बोललास, तेही सांगायचं. मुलं विचारतील, मोकळेपणाने विचारतात. मी मधे पडणार नाही.”

तो हो म्हणाला. तुकडा तिने परत दिला नाही; रुमालासकट पिशवीत ठेवला.

नवा गोल यायला पंधरवडा लागेल. तोवर जुना वर्गातच राहील, ताईने तो हलवू दिला नाही. शाळेचं फाटक आठला उघडतं. बुधवारी पाचवीचा पहिला तास भूगोलाचा असतो आणि तो सव्वाआठला सुरू होतो.