उभ्यानं जेवणारी बाई

बुऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं, त्याच्या पुढच्या गणपतीसाठी मी एक हसवणारं नाटक लिहिलं. राज्य हिंदी झालं तर झालं, आपलं नाटक मराठीतच आणि दणक्यात व्हायला पाहिजे, असं आम्हा शाळामास्तरांच्या डोक्यात बसलं होतं. नाटकात एक आत्या होती. पंगतीला न बसता ती मागच्या दारात ताटली हातात धरून उभ्यानं जेवायची आणि कुणी 'बसा' म्हटलं की खेकसायची. एवढंच तिचं काम. ही आत्या आमच्या घरातलीच, वडिलांची धाकटी बहीण, नवऱ्यानं टाकलेली. मला कळायला लागल्यापासून तिला बसून जेवताना मी पाहिलं नव्हतं, आणि त्यावर हसणं हा घरचा जुना रिवाज होता.

आत्याचं काम करणारा गडी केळीचा शेतकरी, बायकांच्या भूमिकांत पटाईत. तालमीत दोनदा उभा राहिला आणि थांबला.

"मास्तर, हे बाई उभी कायले जेवते?"

"लोक हसावेत म्हणून."

"ते झालं लोकायचं. तिचं काय? मले कारनच मालूम नाही तं मी उभा कसा राहू?"

मी भडकलो. मी शिकलेला मास्तर, आणि हा केळीचे घड उतरवणारा मला पात्र कसं रचावं ते शिकवणार. खरं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणूनच एवढा राग आला.

घरी वडिलांना विचारलं. सुपारी कातरता कातरता ते हसले. "लहानपणापासूनच चक्रम आहे ती. तसंच लिही, लोक पोट धरून हसतील."

मग आत्यालाच विचारलं. ती शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता बोलली.

"खकनारकडं सासर व्हतं माहं. त्यानं दुसरी आनली. मी म्हटलं, आनली तं आनली, मी बी राहीन. माही म्हैस व्हती तिथं, मी लावलेलं लिंबाचं झाड व्हतं. त्या दिशी जेवाले बसली. भाकर मोडली न् तुहा बाप गाडी घेऊन दारात. म्हने, ऊठ, आमची पोरगी सवतीसंगं नांदनार नाही. मी म्हटलं, जेवू तरी दे. त्यानं हात धरून उठवलं."

"तुला यायचं नव्हतं?"

"कोनी इचारलं का?" तिनं टरफलं झटकली. "लिहतोच आहे तं हे बी लिही."

भरल्या ताटावरून वैऱ्यालाही उठवू नये म्हणतात. माझ्या बापानं सख्ख्या बहिणीला उठवलं, ते स्वतःचं नाक वर ठेवायला. वर तीस वर्षं तिला चक्रम ठरवून आम्हा पोरांना हसायला शिकवलं. 'नवऱ्यानं टाकलेली' हेही खोटंच. तिला ओढून आणलं होतं आमच्याच माणसानं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याच संध्याकाळी तो प्रवेश मी नव्यानं लिहिला. दारात उभी गाडी, भाऊ, मोडलेली भाकर, सगळं घातलं आणि वडिलांसमोर मोठ्यानं वाचलं.

"हे काढून टाक," ते म्हणाले. "मी पहिल्या रांगेत बसतो. शेजारी चार ओळखीचे असतात. माझी काय अब्रू राहील?"

"आत्याही येते, बाबा. बायकांच्या पहिल्या रांगेत बसते. जुना प्रवेश झाला असता, तर तिनं कुठे बघायचं होतं?"

ती तिथे बसलेली असणार, हे वडिलांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि अख्खं नाटक लिहून होईपर्यंत माझ्या तरी कुठे आलं होतं.