डाळिंबाच्या सालींचा रंग

बाबांचं तेरावं झालं आणि दोन-चार दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या माशीमा वर आल्या. त्यांनी आईच्या मांडीवर दोन पांढऱ्या साड्या ठेवल्या. बिनकाठाच्या, नीळ दिलेल्या, घडीही न मोडलेल्या. "बौमा, एगुलो पोरो," म्हणाल्या. सूनबाई, ह्या नेस.

मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होते आणि राग नाकाच्या शेंड्यावर असायचा. माशीमांची पाठ वळताच मी साड्या उचलून परत द्यायला निघाले. आमच्यात विधवेनं पांढरं नेसायची रीत नव्हती. कुंकू गेलं, मंगळसूत्र गेलं, तेवढं पुरे नव्हतं का? आईनं मला हाताला धरून खाली बसवलं. माशीमा आमच्या घरमालकीण, ऐन तारुण्यात विधवा झालेल्या, तेव्हापासून पांढऱ्यातच. बाबांच्या आजारपणात शहाळी त्याच पाठवत, बाबांना उठवून बसवायला हातही त्यांचाच लागे. कलकत्त्यात आम्हाला हक्काचं असं दुसरं माणूस नव्हतं. आता बाबांच्या एस्प्लनेडच्या कचेरीत आईला नोकरी मिळाली होती, आणि ती कामावर गेली की माझ्या धाकट्या बहिणीकडे बघणार होत्या त्याच. त्यांना दुखवून चालणार नव्हतं. आणि पांढरं नेसून आरशासमोर उभं राहणं आईला जमणार नव्हतं.

"परत द्यायच्या नाहीत," ती म्हणाली. "रंगवून नेसते."

रंग घरातच होता. शेवटच्या महिन्यांत बाबांच्या पोटात डाळिंबाच्या रसाशिवाय काही ठरत नव्हतं. सियालदहच्या बाजारातून मी डाळिंबं आणायची, आई दाणे फडक्यात पिळायची. साली गच्चीवर वाळवून पिशवीत भरून ठेवायची, खोकल्याला उपयोगी पडतात म्हणून. ते फडकं पिवळं पडलं होतं आणि कुठल्याच साबणाला दाद देत नव्हतं. त्यावरूनच तिला सुचलं असावं. पिशवी उघडली तेव्हा माझ्या मनात आलं, एवढ्या डाळिंबांचा रस पिऊनही माणूस वाचला नाही. आईच्याही मनात आलं असेल.

पहिली साडी आम्ही घालवली. मोठं भांडं म्हणून लोखंडी कढई घेतली, आणि सालींचं पाणी बघता बघता काळं झालं. साडी बाहेर आली ती काजळी फासल्यासारखी. "हे तर पांढऱ्याहून वाईट," असं म्हणून आई ओट्याला टेकून बसली. आवळा लोखंडात काळा पडतो हे जन्मभर माहीत असून डोक्यात कसं आलं नाही, म्हणून तिनं कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी कल्हईचं पातेलं घेतलं. रंग धरायला तुरटी हवी होती. घरात एकच खडा होता, बाबांच्या दाढीच्या सामानातला. आईनं तो कुटला. मला ते बघवेना, मी गच्चीवर जाऊन उभी राहिले. परत आले तेव्हा साडी पातेल्यात शिजत होती आणि आई काठीनं ती वरखाली करत होती. वाळल्यावर तिला हरभऱ्याच्या डाळीचा पिवळा रंग आला, कुठे गडद, कुठे फिका.

नोकरीच्या पहिल्या दिवशी तीच नेसून आई जिना उतरली. मागोमाग मी, भांडायच्या तयारीनं. माशीमा दारातच उभ्या होत्या. त्यांनी आपली साडी ओळखली. आईनं मान खाली घातली नाही. माशीमा पुढे आल्या, पदर हातात घेतला आणि आपल्या तळव्यावर घासून पाहिला.

"रोंग उठे जाबे ना तो?" रंग जाणार तर नाही ना?

"धुऊन धुऊन जाईल थोडा," आईनं मोडक्या बंगालीत खरं ते सांगितलं.

"ताहोले आबार कोरो," माशीमा म्हणाल्या. मग पुन्हा रंगव.

माझं भांडण तोंडातच राहिलं. आईचे डोळे भरून आले होते, पण ट्राम चुकली असती, म्हणून ती तशीच निघाली. ती फाटकाबाहेर पडेपर्यंत माशीमा तिच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी आपला तळवा उजेडात धरून पाहिला. त्याला काहीच लागलं नव्हतं.