फेट्यातले सर्जन

"आता लई बरं हाय, सर," असं कुणी म्हटलं की आमचे सर्जन चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "मग बिघडलं काय?" देगलूरहून दोन एसट्या बदलून बरं असल्याचं सांगायला आलेले आईबाप पार गोंधळून जायचे. चांगल्या बातमीला इतका घाबरणारा डॉक्टर तुम्हीही फारसा पाहिला नसेल.

लातूरला मी त्यांच्या ऑपरेशनांना भूल द्यायचो. लोकांना झोपवणं हे माझं काम, आणि त्यांच्या घरच्यांची झोप उडवणं हे सर्जनांचं. ते मुलांचे सर्जन. त्यांच्याकडे मणक्यात जन्मजात दोष असलेली मुलं फार यायची. या मुलांच्या मूत्राशयाच्या नसा काम करत नाहीत. पिशवी लहान आणि कडक राहते, लघवी सतत गळते, आणि आतला दाब वाढत जाऊन किडन्या खराब होतात. औषधांनी भागलं नाही की सर्जन आतड्याचा एक तुकडा जोडून पिशवी मोठी करायचे आणि अपेंडिक्सची वाट करून तिचं तोंड बेंबीत आणायचे. मग मुलाने दर तीन-चार तासांनी बेंबीतून बारीक नळी घालायची आणि पिशवी रिकामी करायची. गळणं थांबतं, पण नळी आयुष्यभर सुटत नाही. पिशवी भरल्याचं या मुलांना नीट कळत नाही, आणि नळी चुकवली तर पिशवी आतल्या आत फुटू शकते. मग जिवावर बेततं.

हे सगळं ते आईबापांना चित्रं काढून समजावायचे. आईबाप "हाव सर, हाव सर" म्हणायचे. आपल्याकडच्या 'हाव'चा अर्थ 'ऐकलं' एवढाच असतो, 'करतो' असा नसतो. नांदेडात लहानाचे मोठे होऊनही सर्जनांना हे फार उशिरा कळलं.

अहमदपूरच्या एका किराणा दुकानदाराची मुलगी होती, शिवलीला. अकरा वर्षांची, एक पाय ओढत चालणारी. वास येतो म्हणून शाळेत तिच्या शेजारी कुणी बसत नसे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जन तिला म्हणाले, "बघ, आता तू कोरडी राहशील." त्या शब्दावर अख्खं घर खूश झालं. चित्रं कुणाच्या लक्षात राहिली नाहीत, तो शब्द राहिला.

ऑपरेशन उत्तम झालं. काही महिन्यांनी एका दुपारी आम्ही दोघं डबा खात होतो, तेव्हा तिच्या वडिलांचा फोन आला. मागे सनई वाजत होती.

"सर, पुतण्याचं लगीन हाय. पोरगी सकाळपासून कोरडी हाय बघा. एकदाबी नळी लागली न्हाई. म्हणलं, सरांना खुशखबर द्यावी."

सर्जनांच्या हातातला घास तसाच राहिला. "शेवटची नळी कधी घातली?"

"रातच्याला, झोपताना."

"आत्ताच्या आत्ता घाला."

"नळ्या घरी राहिल्या, सर. पाव्हण्यारावळ्यांत कशाला ते? पंगत उठली की जातोच घरी."

"पंगत राहू द्या. आधी तिला घरी न्या."

"हाव सर."

या शेवटच्या 'हाव'ने ते उठले. कपाटातून नळ्या घेतल्या आणि गाडीत बसले. मीही उष्ट्या हातानं मागोमाग गेलो. अहमदपूरपर्यंत ते एकदाच बोलले. "कोरडी राहशील, असं मीच म्हणालो होतो."

मंगल कार्यालयात पोचलो, तर लातूरचे मोठे डॉक्टर आले म्हणून स्वागतवाल्यांची धांदल उडाली. आमच्याकडे लग्नात मान्यवराला फेटा बांधल्याशिवाय सोडत नाहीत. सर्जन "शिवलीला कुठंय?" विचारत पुढे चालले होते आणि फेटेवाला मागून चालत चालत बांधत होता. माईकवरून पुकारा झाला, "सुप्रसिद्ध सर्जन अमूल्य वेळ काढून वधूवरांना आशीर्वाद देण्यासाठी उपस्थित झालेले आहेत." टाळ्याही झाल्या.

ती पहिल्या रांगेत बसली होती. नवा घागरा, चेहरा पांढरा पडलेला, दोन्ही हात पोटावर.

"दुखतंय?"

"थोडं. पण कोरडी हाय मी."

तिची आई आणि सर्जन तिला स्वयंपाकघरामागच्या कोठीत घेऊन गेले. मी दाराशी उभा राहून साखर न्यायला आलेल्या आचाऱ्याला परतवत होतो. बऱ्याच वेळानं आतून सर्जनांचा आवाज आला, "सुटलो." पिशवी फुटली नव्हती.

मग त्यांनी तिला विचारलं, "का नाही घातलीस गं?"

"आई म्हणली, आजच्या दिवस राहू दे. समद्यांना कळतं."

"कळू दे. तू उठून जायचं. पंगत असो का परीक्षा, कुणाला विचारत बसायचं नाही."

बाहेर आले तेव्हा डोळे लाल आणि डोक्यावरचा गुलाबी फेटा अर्धा सुटलेला. वडील हात जोडून उभे होते. "चुकलं, सर."

"तुमचं नाही. कोरडी नको, रिकामी पाहिजे, असं सांगायला हवं होतं मी."

त्यानंतर ते 'कोरडी' म्हणाल्याचं मी ऐकलं नाही. सगळ्यांना एकच प्रश्न, "रिकामी का?" नव्या सिस्टर तोंडाला पदर लावून हसायच्या. त्यांना ते चालायचं.

मागच्या वर्षी ते गेले. छातीत दुखत होतं, ते कुणाला बोलले नाहीत. शोकसभा मोठी झाली. इतकी वर्षं रोज त्यांच्यासोबत डबा खाल्लेला, मला भाषण जमलं नाही. जमणारे पुष्कळ होते. शिवलीला आता नांदेडला कॉलेजात शिकते. ती आली होती, पुढेच बसली होती.

एक पुढारी सर्जनांच्या सेवाभावावर बोलत होते आणि संपवायचं नाव घेत नव्हते. मध्येच शिवलीला उठली. पर्स खांद्याला अडकवली आणि पाय ओढत, मंचासमोरून, सगळ्यांच्या देखत सभागृहाबाहेर गेली. पुढारी क्षणभर अडखळले. माझ्या शेजारचे गृहस्थ पुटपुटले, "आजकालच्या पोरींना मयताची बी कदर न्हाई."

मी फक्त घड्याळ पाहिलं. ती परत येऊन जागेवर बसली, तेव्हाही भाषण चालूच होतं.