कान वाचवा मोहिमेतली सरकी

आमच्या घरात आजवर बंदुकीपायी एकच माणूस बहिरा झाला, आणि त्या माणसानं बंदुकीला कधी हातसुद्धा लावलेला नाही.

मी रिसोड तालुक्यात आवाजाविरुद्ध मोहीम चालवते. वरातीतला डीजे, निवडणुकीचा भोंगा, कानात गाणी कोंबून फिरणारी पोरं, सगळ्यांविरुद्ध माझं पत्रक तयार असतं. मथळा एकच: ‘कान वाचवा!!!’ (तिन्ही उद्गारचिन्हं माझी. छापखानेवाला एकावरच भागवत होता.)

माझी धाकटी बहीण गौरी दहावीत आहे आणि रायफल चालवते. केनवडहून जीपनं रिसोड, तिथून गावाबाहेर टेकडीखालची रेंज. पुढं मुरमाचा भराव, डोक्यावर टिनाचं छप्पर, हातात बावीस बोअरची रायफल. टिनाखाली एक गोळी सुटली की अख्खी पलटण सुटल्यासारखी वाटते. शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार सर. रविवारी जिल्ह्याच्या संघाची निवड होती, आणि त्या एका सकाळसाठी गौरीनं वर्षभर जीव टाकला होता.

आदल्या दिवशी ती सरावाहून घरी आली. मी म्हणाले, “गौरे, उद्या निवड झाली की माह्यासंगं बाजारात पत्रकं वाटाले येजो.”

“काय?”

“पत्रकं! वाटाले!”

“काय व?”

मी तिच्या कानाशी जाऊन ओरडले. “काय?” पोरीचे कान गेले! (याच वेळी आईनं आतून हळूच विचारलं, “चहा ठेवू का?” आणि गौरी म्हणाली, “हो, अद्रक टाकजो.” पण कार्यकर्त्यानं असल्या किरकोळ पुराव्यात अडकू नये.)

“रेंजवर कानाले काय लावता तुमी?” मी गरजले.

“अवं ताई, तिथं सर आमाले...”

“सरांचं नाव घेऊ नको! यायले मेडल पाहिजे, अन् पोरीचे कान फुकट?” (हे वाक्य मला इतकं आवडलं की संध्याकाळच्या आत मी ते छापून आणलं.)

मग मी मेडिकलमधून कापसाची गुंडाळी आणायला निघाले, तर बाबा दारात आडवे! आमच्या पुढच्या खोलीत यंदाच्या कापसाचा ढीग छताला टेकलेला. पाहुणा आला तर आधी ढिगात शोधावा लागतो.

“कापूसवाल्याच्या घरची पोट्टी कापूस इकत आणते? गावात तोंड दाखवू देतं का नाई मले?”

“ढिगातला घे,” आई म्हणाली. “पण सरकी काढून घेजो माय. एकेक बी हातानं काढा लागते.”

“मले शिकवते का?” मी म्हणाले आणि बियांसकट मूठभर कापूस पिशवीत कोंबला. सरकी सकाळी जीपमध्ये काढू, असा विचार होता. सकाळी जीपमध्ये माझ्या मांडीवर एक आजीबाई आणि आजीबाईंच्या मांडीवर सोयाबीनचं पोतं होतं. सरकी राहिली.

रेंजच्या फाटकाशी गौरीनं हात जोडले. “ताई, पाया पडते तुह्या, अंदर येऊ नको. सरांनी नाव कापलं तर वर्ष गेलं माहं!”

“तुह्या कानासाठीच येऊन राह्यले मी!” असं मी हातातल्या भोंग्यातून सांगितलं. (आवाजाविरुद्ध बोलायलाही आवाज लागतो.)

आत शिरले आणि माझं रक्त उकळलं. सात-आठ पोरंपोरी पोटावर झोपून नेम धरतायत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हे एवढे जाडजूड हेडफोन! गाणी ऐकत गोळीबार! माझं दोन नंबरचं पत्रक याच हेडफोनविरुद्ध होतं. आणि त्या रांगेत माझी सख्खी बहीण!

बोलण्याआधी प्रात्यक्षिक द्यावं, असा आमचा नियम. मी कापसाचे दोन बोळे केले आणि करंगळीनं दोन्ही कानांत थेट मेंदूपर्यंत ठोसले. जग शांत झालं. मग भोंगा तोंडाला लावून मी भाषणाला सुरुवात केली आणि बोलता बोलता गोळीबाराच्या हद्दीची पिवळी पट्टी ओलांडून पुढं गेले.

सुभेदार सरांचे ओठ हलले. लाल झेंडा वर गेला. रायफली खाली ठेवल्या गेल्या आणि सगळे माझ्याकडं बघू लागले. भाषणाचा असा परिणाम मला आजवर कुठंच मिळाला नव्हता! सर दोन्ही हात हलवायला लागले. मी नमस्कार केला. सर भिंतीवरच्या खिळ्यांकडं बोट दाखवायला लागले. तिथं तसलेच आणखी हेडफोन टांगलेले. म्हणजे सर स्वतःच पुरवतात! मी धावत गेले आणि गौरीच्या डोक्यावरचा हेडफोन उपटून काढला.

गौरीचा चेहरा लाल झाला. तिनं माझ्या हातातलं पत्रक ओढलं, पाठीमागं काहीतरी खरडलं आणि माझ्या नाकासमोर धरलं:

‘ताई, यातून गाणे नाही येत. हे कान वाचवाचंच आहे. पहिल्या दिवसापासून लावतो आम्ही. सर म्हणते, तू बाहेर नाही गेली तर मी निवडीतून बाहेर.’

मी बाहेर गेले.

फाटकाशी बसून बोळे काढले. कापूस आला. डाव्या कानातली सरकी कापसाबरोबर आली. उजव्या कानातली मुक्कामाला राहिली, आणि मोकळ्या डाव्या कानात टिनाखालचा गोळीबार घुमत राहिला.

तासाभरानं गौरी नाचत आली. तिचे ओठ हलले.

“काय?” मी म्हणाले.

पुन्हा हलले.

“काय व?”

तिनं भोंगा उचलला, माझ्या कानाला लावला आणि अख्ख्या टेकडीला सांगितलं, “झाली निवड! अन् काल मले सगळं आयकू येत होतं! पत्रकं वाटाले जायचं नव्हतं म्हून काय-काय करत होती!”

बाबांनी मला वाशिमला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी विचारलं, “कशानं झालं?”

“बंदुकीनं,” बाबा गंभीरपणे म्हणाले.

डॉक्टरांनी चिमटा घातला, सरकी बशीत टण्णकन पडली, आणि त्यांनी बराच वेळ बंदुकीच्या त्या गोळीकडं पाहिलं. “आणखी आठ दिवस ठेवली असती तर कानातून कापसाची पऱ्हाटी उगवली असती, बाई!” मग त्यांनी टेबलावरच्या गठ्ठ्यातून एक कागद काढून मला दिला. “घरी नीट वाचा. पहिलंच वाक्य आहे, कानात काहीही खुपसू नका. कोणीतरी फार कळकळीनं लिहिलंय.”

वरती तीन उद्गारचिन्हं होती.

“तिनंच लिह्यलं, डॉक्टरसाहेब!” बाबा अभिमानानं म्हणाले.

आणि कान साफ झाल्याचा पहिला फायदा असा झाला, की बाहेर बसलेले सगळे पेशंट हसले ते मला दोन्ही कानांनी स्वच्छ ऐकू आलं.