खाडीतल्या बेटावर दोरी मोजून पाणी काढतात, ते पाहून आल्याची हकिकत

चि. सखाराम यास काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र येऊन महिना होऊन गेला आणि उत्तर आज लिहीत आहे, याची आधी माफी मागतो. मधे पंधरा दिवस हिवतापाने अंथरुणाला धरून ठेवले हे खरे, पण बाकीचे पंधरा दिवस मी हिंडताफिरता होतो हेही खरे. एरवी मी पंतोजींकडून पत्रे लिहून घेतो. यातला मजकूर त्यांना सांगवेना, म्हणून तिसऱ्या पुस्तकापर्यंत जे शिकलो त्याच्या जोरावर स्वतःच बसलो आहे. रोज कसेबसे एक पान होते. परवा शिमगा झाला. शिमग्यानंतर काम धरणार असे तू लिहिले होतेस, म्हणून जीव थाऱ्यावर नाही.

बेटावरच्या लोकांनी त्यांची गोडी विहीर दोन हात खोल करायला तुला बोलावले आहे. वाट कशी, खायचे-राहायचे काय, खाली खडक कसा, हे तू विचारलेस, कारण तिथली दुसरी, पूर्वेची विहीर बारा वर्षांपूर्वी मीच खोल केली होती. डोंबिवलीतल्या आपल्या इतर गवंड्यांनाही पत्र वाचून दाखवीन म्हणालास, तेव्हा सगळे क्रमाने लिहितो. पण घाईत असशील तर एवढेच वाच आणि बाकीचे ठेवून दे: त्या विहिरीत पहार घालू नको.

खरे तर घरी बसूनही उत्तर लिहिता आले असते. तुझी काकू म्हणाली, "पायांत गोळे येतात आणि बेटावर निघालात. लिहा की मुरूम आहे, खाली काळा खडक आहे, झाले." पण बारा वर्षांत त्या बेटावरून मला एकही निरोप आला नव्हता. चांगल्या कामाचा निरोप येतो, सखाराम. तो न आल्याची टोचणी मला फार दिवस होती. तुझ्या पत्राने ती वर आली आणि माघातल्या अष्टमीला मी निघालो.

अष्टमी मुद्दाम लिहिली आहे. अवस-पुनवेच्या उधाणाला त्या वाटेला कोणी जाऊ नये. इथे ठाण्याला कोपरीच्या धक्क्यावरून गवत वाहणारा मचवा कल्याणकडे जातो, तो भरतीबरोबर सुटतो आणि सांगितले तर वाटेत बेटावर उतरवतो. माणशी दोन आणे. आगगाडीच्या पुलाखाली डोलकाठी आडवी करतात तेव्हा मान खाली घालून बसावे. मी छत्री उघडून बसलो होतो. तांडेल म्हणाला, "आजोबा, छत्री मिटा. वारा तिला शीड समजंल आन् आपन भिवंडीला जाऊ."

मचव्यातले सगळे हसले. मी छत्री मिटली, मग ऊन लागून डोके दुखू लागले. मुंब्र्याचा डोंगर उजव्या हाताला येईपर्यंत मला तीनदा वाटले की परत जावे. शिदोरी म्हणून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट होती. पाणी मात्र घरून भरपूर घेऊन निघ. मी एकच तांब्या नेला, तो पुलापाशीच संपला. तांडेलाकडे मागितले तर त्याने अर्धीच वाटी दिली आणि म्हणाला, "बेटावर जाताव ना? मग आतापास्नंच सवय करा."

बेटाला धक्का नाही. ओहोटी लागली असेल तर गुडघाभर चिखलातून जावे लागते, वहाणा हातात घ्याव्यात. चहूकडे मातीचा बांध, बांधाच्या आत भातखाचरे आणि थोडी मिठागरे, आणि मधोमध मुरमाचा उंचवटा. चाळीसेक घरे त्या उंचवट्याच्या पायाशी. राहायची सोय धर्माजी पाटलांच्या ओटीवर होते. त्याचे काही घेत नाहीत, पण जाताना तंबाखू न्यावा. रात्रीचे जेवण भात आणि कोलीम मासळी. पाटलांनी मला ओळखले, वाकून नमस्कार केला, आणि हात धुवायला ठेवलेल्या लोटीत चार घोटच पाणी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच माझी विहीर पाहायला गेलो.

काठाच्या दगडावर मी कमळ कोरले होते, तुला लहानपणी सांगायचो ते. बायका आता त्या कमळावर कोयते घासतात. पाकळ्या गेल्या आहेत, मधला देठ तेवढा राहिला आहे. रहाटाची लाकडे कोणी काढून नेली आहेत. पाणी स्वच्छ दिसत होते, हिरवे. मी वाकून बघत असताना मागून आवाज आला.

"पिऊ नको, मिस्त्री. जुलाब होतील."

एक म्हातारी डोक्यावर मातीची टोपली घेऊन उभी होती. हिच्याविषयी लिहिले पाहिजे. तिचे नाव हिराबाय. गावच्या विहिरीची दोरी तिच्या ताब्यात असते. तिच्या आधी तिच्या सासूच्या होती. तिने टोपलीतली माती विहिरीत ओतली आणि टोपली झाडली.

"हे काय करता?" मी विचारले.

"तू दोन हात काढलेस ते परत भरतंय. दर अवसेला एक टोपली, आन् सवड झाली की मधे एकादी. बारा वर्सं झाली. तुला आठ दिवस लागलेले."

मग तिने लांब काठी घेतली, टोकाला नारळाची करवंटी बांधलेली, आणि अगदी वरवरचे पाणी उचलून माझ्यापुढे धरले. चव पाहिली तर जवळजवळ गोडे. मग तीच करवंटी हातभर खाली बुडवून काढली आणि म्हणाली, "आता ह्ये." ते तोंडात धरवेना, थुंकावे लागले.

"एक वीत गोडं आलंय वर," ती म्हणाली. "बारा वर्सांत एक वीत. कोनी हात लावला नाय म्हनून."

त्या बेटाखाली झरा वगैरे काही नाही, हे तिने मला लहान मुलाला सांगावे तसे सांगितले. चहूकडे खाडी, तशी जमिनीखालीही खाडीच आहे. पावसाचे पाणी उंचवट्यातून मुरते आणि त्या खाऱ्या पाण्यावर साय धरते. साय वरून काढायची असते. पातेल्याच्या तळाला पळी घातली की सगळे ढवळून निघते. आपण गवंडी लोक ठाण्याच्या आणि कल्याणच्या काळ्या खडकात काम केलेले, पाणी कमी पडले की खाली जायचे एवढेच आपल्याला ठाऊक. मी तुलाही तेच शिकवले.

मग ती मला गावच्या विहिरीकडे घेऊन गेली. तिथली रीत नीट वाच, कारण तू जिथे पहार घालणार आहेस ती हीच विहीर. तिची दोरी ठरलेल्या लांबीची असते. दर दसऱ्याला नवी वळतात, गावदेवीच्या उंबऱ्यावर जुनीशी लावून मोजतात, आणि बोटभरही वाढू देत नाहीत. दर घराला दिवसाला दोनच हंडे. उंचवट्यावर नांगर नाही, गुरे नाहीत, झाड तोडायचे नाही. पावसाळ्याआधी सगळे गाव मिळून तिथे ढोपराएवढ्या मातीच्या पाळी, बुटके बांध, घालते, म्हणजे पाणी खाडीत न धावता जागेवर मुरते. एवढे करूनही वैशाखात पाणी दोरीच्या खाली जाते. मग दोरी वाढवत नाहीत, विहीर बंद करतात. पाऊस येईपर्यंत होडीने पलीकडच्या काठावरून पाणी आणतात.

"दोरी पुरत नाय म्हंजे काय?" हिराबाय म्हणाली. "म्हंजे विहीर सांगते, आता पुरे."

मला ते पटले. पण संध्याकाळी पाटलांच्या ओटीवर चार माणसे जमली, तेव्हा दुसरी बाजू ऐकायला मिळाली, आणि तीही खोटी नव्हती. गेल्या वैशाखात पाण्याची होडी भरल्या हंड्यांनिशी उलटली. पाटलांची धाकटी सून त्यात गेली. तिचा नवरा ओटीच्या कोपऱ्यात बसला होता. त्याने सुपारीसुद्धा घेतली नाही.

पाटील म्हणाले, "मिस्त्री, तुमीच सांगितलेलं. दोन हात खाली गेलं की पानी आलंच. आमाला जास्ती नको. दोनच हात. तुमचा पुतन्या कबूल झालाय."

एकजण म्हणाला, "हिराबाय ऐकंल तर ना. तिच्या हातात असतं तर तिनं समुद्रालाबी दोरी लावली असती."

"लावली असती," हिराबाय दारातून म्हणाली. "मग तुमी बुडले नसते."

तेव्हा पाटलांनी मला सरळ विचारले, "पूर्वेची हिर खारी झाली ती त्या सालच्या उधाणानं. बांध फुटलेला. व्हय ना? का खोदल्यानं झाली? तुमी जानकार, तुमी सांगा."

सगळे माझ्याकडे बघत होते. हिराबाय मघाशीच मला म्हणाली होती, "त्या उधाणानं खारवलेली शेतं दोन पावसांत धुवून निघाली. मग हिर का नाय निघाली?" उत्तर माझ्या तोंडात तयार होते. विहीर झाली तेव्हा या लोकांनी मला पागोटे बांधले होते, सखाराम. त्याच ओटीवर.

मी म्हणालो, "नक्की सांगता येत नाही."

पाटलांनी मान हलवली. त्यांना तेवढेच हवे होते. मी वर मान केली तेव्हा हिराबाय दारात नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी निघताना ती बांधावर आली. तिच्या हातात सुतळीचे भेंडोळे होते. "गावच्या दोरीला लावून कापलीय," ती म्हणाली. "दोनी टोकांना गाठ हाय. तुज्या पुतन्याला दे. तुला बोलता नाय आलं, ऱ्हाऊ दे. त्याला तरी मोजता येत आसंल."

बेटावरून ठाण्याची होडी नव्हती, म्हणून मी भरतीबरोबर कल्याणच्या बंदरावर गेलो आणि तिथून आगगाडी धरली. आता जे लिहितो त्यासाठीच पंतोजींना बोलावले नाही. गाडी डोंबिवलीला थांबली. स्टेशनावर दोन गवळी आणि एक शिपाई, बाकी कोणी नव्हते. तुझे घर तिथून चालत पाव घटकेवर. माझे बोचके मांडीवर होते, सुतळी त्यात होती, आणि तू मला पाहून धावत आला असतास. मी उतरलो नाही. अंगात कणकण होती असे मी स्वतःला सांगितले. गाडी सुटली तेव्हा मला हायसे वाटले, आणि त्या वाटण्याची लाज मुंब्रा गेले तरी सरली नाही, अजून आहे.

का उतरलो नाही ते सांगतो. बारा वर्षांपूर्वी शेवटच्या दिवशी तळाला पाणी फुटले, वर लोक ओरडू लागले, मी ओंजळ भरून प्यालो. ते किंचित खारट होते. मला वाटले माझ्याच घामाची चव असेल. वाटले नाही, तसे मानून घेतले. वर येऊन म्हणालो, गोडे आहे. हे तुझ्या तोंडावर सांगावे लागले असते. तू ज्या काकाकडून थापी धरायला शिकलास त्याने ओंजळीत खार ओळखून पागोटे बांधून घेतले, हे स्टेशनावर उभे राहून कसे सांगावे.

घरी आल्यापासून तुझी काकू हंडा भरते त्याचा आवाज मला सहन होत नाही. आपल्या विहिरीला दोरी पुरत नाही असे कधी झाले नाही. ती सांडते, मी ओरडतो, ती म्हणते, बेटावरून काय आणलेत अंगात. पागोटे पेटीत होते ते काढले, कसर लागली आहे.

आता तू काय करावेस ते. बेटावर जा, नाही म्हणू नको, पण पहारीऐवजी फावडे ने. उंचवट्यावरच्या त्यांच्या पाळी मातीच्या आहेत, दर वर्षी वाहून जातात. त्या दगडाच्या बांधून दे. पूर्वेच्या विहिरीचे राहिलेले भरून टाक, म्हातारीच्याने ते होणार नाही. आणि पाटलांना चार माणसांत सांग की काका म्हणाला, विहीर खोदल्यानेच खारी झाली, आणि ते त्याला त्याच दिवशी कळले होते. याने यंदाच्या वैशाखात एक हंडाही जास्त मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे. होडी यंदाही जाईल. पाटलांच्या त्या मुलाकडे बघून तुला हे बोलवणार नाही, मलाही बोलवले नाही. पण बोल.

सुतळी याच पाकिटात घातली आहे. अकरा हात चार बोटे भरेल. मोजून बघ, टपालात कुठे तुटली तर नाही ना.

पत्र पोचताच उत्तर लिही. फार लिहू नको, पहार लागली की नाही एवढेच. लागली असेल तर पाणी कितव्या हाताच्या खोलीवर आले आणि तू ते चाखलेस का, तेही लिही, लपवू नको. मी रोज टपालवाल्याच्या वाटेवर बसून असतो.