बँडमास्तरांना वाजवावं लागलेलं गाणं

माझ्या तरुणपणी आमच्याकडं बँड म्हणजे लग्नातला बँड. वडील वालचंदनगरला कारखान्यात फिटर होते आणि आम्ही क्वार्टर्समध्ये राहायचो. लग्नसराईत तिथं दोन बँड यायचे. एक वडगाव निंबाळकरकडचा, बेंजोवाला. दुसरा इंदापूरकडचा, लाल कोट आणि क्लॅरिनेटवाला. वरात दारावरून गेली की मी धुण्याचा पिळा तसाच टाकून कंपाउंडच्या भिंतीवर चढायची. क्लॅरिनेट एकटी कुठं जाते, ताशा नेमका कधी थांबतो आणि त्या थांबलेल्या जागेत माणसं कशी ओरडतात, हे सगळं मला पाठ होतं.

बारावीच्या वर्षी त्याच जागा धरून मी एक हळदीचं गाणं लिहिलं. चालही माझीच. मोठ्या बहिणीला बरोबर घेऊन मी इंदापूरच्या बँडमास्तरांकडं गेले. ते तेव्हा पस्तिशीचे असतील. मी गाणं म्हणून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाले, "बरं हाय. कागद ठिवून जा."

चार महिन्यांनी शेजारच्या क्वार्टरमध्ये लग्न होतं. मास्तरांनी माइक हातात घेतला. "आता मी सवता बांधलेलं गाणं," असं म्हणून माझं गाणं सुरू केलं. मांडवात एक माणूस बसून राहिला नाही, आमचे वडीलसुद्धा ताल धरत होते. गाणं संपल्यावर मी पुढं गेले आणि म्हणाले, "मास्तर, हे गाणं माझं आहे."

त्यांनी माइक बाजूला केला नाही. "ही पोरगी म्हणती गाणं हिचं हाय. म्हण की मग पोरी, आमीबी ऐकतो." माइक माझ्या तोंडासमोर धरला. दोनशे माणसं बघत होती. माझ्या घशातून आवाज फुटला नाही. माणसं हसली. वडिलांनी दंडाला धरून मला घरी आणलं आणि गाण्यांची वही बंबात घातली. त्या दिवशी आम्ही तिच्यावर तापलेल्या पाण्यानं आंघोळी केल्या.

पुढं मी शिक्षिका झाले, लग्न होऊन बारामतीत आले. शाळेच्या गॅदरिंगला गाणी बसवायची, पण दुसऱ्यांची. मला वाटायचं, विसरले. मग तीन वर्षांपूर्वी इंदापूरला पुतणीच्या लग्नात तेच मास्तर दिसले. केसांना मेंदी, कोट तसाच लाल. हळदीचं गाणं म्हणायच्या आधी त्यांनी पाहुण्यांना ते कसं सुचलं हेही सांगितलं. "मंडळी माहेरी गेली व्हती. घर खायला उठलं, तवा हे गाणं आपसूक आलं." बायका डोळे पुसायला लागल्या. माझ्या ताटात जिलेबी होती, ती मी तशीच ठेवून उठले.

त्याच आठवड्यात लिहायला बसले. राग होता, पण घाई केली नाही. सुट्टीच्या दिवशी दार लावून मी त्या दोन्ही बँडच्या जुन्या चाली गुणगुणायची. मला असं गाणं हवं होतं की लोकांनी ते मागितल्याशिवाय राहू नये, आणि मास्तरांना ते नाकारता येऊ नये. सहा गाणी झाली. पाच मी बाजूला ठेवली. सहावं हे:

*मास्तर, तुमचा कोट लई भारी, कापड कुणाचं?*
*मास्तर, तुमचं गाणं लई भारी, काळीज कुणाचं?*

इथं ताशा थांबतो आणि सगळ्यांनी ओरडायचं, "सांगा की, सांगा की."

ते घेऊन मी वडगावला गेले. तिथला बेंजोवाला आता आजोबा झाला होता. त्यानं ऐकलं आणि हळूच विचारलं, "बाई, हे कुणावर हाय?" मी सगळं सांगितलं. तो बराच वेळ तारा पिळत बसला. मग म्हणाला, "आमाला समदं ठावं व्हतं. लाज वाटती, पर आमी बोललो न्हाय. गावा तुमी, मी वाजवतो."

या वेळी आवाज फुटला. त्याच्या मुलीनं मोबाइलवर गाणं रेकॉर्ड केलं. दिवाळीनंतर ते लोकांच्या स्टेटसला लागलं आणि लग्नसराई येईपर्यंत वरातीत पोचलं.

लासुर्ण्यात एका लग्नाला मास्तरांचा बँड ठरलाय असं कळल्यावर मी मुद्दाम गेले. नवरदेवाच्या मित्रांनी पहिलंच ते गाणं मागितलं. मास्तर म्हणाले, "दुसरं सांगा." ते म्हणाले, "हेच पायजे." मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडाला लावली. मी अगदी समोर उभी राहिले. पोरं त्यांच्या कोटाकडं बोट करून "सांगा की" ओरडत होती. त्यांना काही माहीत नव्हतं, पण मास्तरांना माहीत होतं. तीन वेळा वाजवावं लागलं. इतकं गोड मला कित्येक वर्षांत काही लागलं नव्हतं.

जेवणाच्या पंगतीआधी ते माझ्याकडं आले. "बाई, तुमीच ना त्या क्वार्टरमधल्या?"

"व्हय."

"लई वर्सं झाली त्याला."

"तुम्हाला झाली असतील."

"ते हळदीचं गाणं म्हणताना आता तुमचं नाव घेतो. हे तेवढं थांबवा."

मी म्हणाले, "आता ते माझ्या हातात नाही." ते खरंही होतं. ते आपल्या माणसांकडं निघून गेले.

घरी नवरा म्हणाला, "अगं, म्हातारा झालाय तो. सोड की आता."

त्यानंतर मास्तरांनी हळदीचं गाणं म्हणणं बंद केलं, असं बेंजोवाल्यानं सांगितलं. त्यामुळं माझं पहिलं गाणं आता कुठंच ऐकू येत नाही. त्याचं कधी कधी वाईट वाटतं. पण त्यांच्या तोंडी राहण्यापेक्षा ते गेलेलं बरं. उरलेल्या पाच गाण्यांतली दोन मी पुन्हा काढून बसले आहे. त्यातलं एक मेंदी लावलेल्या केसांवर आहे.