फाटकबाई

एप्रिल लागला की आमच्या उस्मानपुऱ्यात एक बाई भर उन्हात कुठल्या ना कुठल्या क्लासच्या फाटकासमोर उभ्या दिसायच्या. डोक्यावर पदर, हातात पाण्याची बाटली, नजर फाटकावर. नवख्याला वाटावं, नातवाला न्यायला आल्या असतील. नातू-बितू कुणी नव्हता. बाई त्या क्लासची परीक्षा घ्यायला आलेल्या असायच्या.

त्या आमच्या शेजारी राहायच्या. खुलताबादकडं जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर शिकवून निवृत्त झालेल्या. सुट्टीत पोराला कुठं घालावं, हे विचारायला गल्लीतले आईबाप त्यांच्याकडंच यायचे. बाई छापील पत्रकाला हातसुद्धा लावत नसत. "कागदावर समदेच गुणाचे असतात. सुटायच्या टायमाला जाऊन बघा. पोरं धूम पळाली तर समजा, आत दम कोंडतोय. दारात रेंगाळली तर खुशाल घाला." गल्लीनं त्यांचं नाव फाटकबाई ठेवलं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि चक्क आवडायचं.

माझी नववी संपली आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फर्मान काढलं: सुट्टीभर दहावीचा क्लास. मला मात्र एका निवृत्त इंजिनिअरांच्या शिबिरात जायचं होतं. ते पोरांना घेऊन शहराची जुनी नहर, जमिनीखालून पाणी आणणारी, शोधत हिंडायचे आणि मग शाळेच्या पटांगणात बसून तिचा नकाशा काढायला लावायचे. अण्णा म्हणाले, "पाणी नळाला येतं. कुठून येतं ते नगरपालिका बघेल." नळाला तेव्हा एक दिवसाआड पाणी होतं, तो भाग वेगळा! मी जेवण सोडलं, अबोला धरला. शेवटी आईनं बाईंना गाठलं.

बाईंनी वाद घातलाच नाही. "अण्णा, उद्या जरा माझ्यासोबत चला. लई लांब नाय." अण्णा वैतागले, पण बाईंना नाही म्हणायची कुणाची छाती! मीही मागोमाग निघाले. आधी क्लास. घंटा झाली आणि पोरं अशी सुसाट सुटली की अण्णांची सायकलच आडवी झाली. एकाची वही पडली, तर ती उचलायलाही तो थांबला नाही. अण्णांनी सायकल उचलून हँडल सरळ केलं.

मग पटांगण. शिबिर केव्हाच सुटलं होतं, तरी पोरं जमिनीवर पसरलेल्या नकाशाभोवती तावातावानं भांडत होती. पाणी चढावर चढलं तरी कसं, यावरून. "काय चाललंय रे?" म्हणून अण्णा वाकले. मग उकिडवे बसले. मग इंजिनिअरांनाच सांगायला लागले, आमच्या लहानपणी कोणत्या हौदात पाणी यायचं ते. ऊन डोक्यावर आलं, पोरं पांगली, तरी अण्णांचं संपेना. बाई माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "पोरांचं राहू दे गं, तुझा बापच निघंना की!"

सोमवारी मी शिबिरात होते. आज भूजलाचं काम करते, आणि सकाळी उठून कामावर जायचा मला कधी कंटाळा आला नाही. हे बाईंचे उपकार आहेत. फेडायचे कसे, ते मात्र अजून कळलेलं नाही.

पुढं मी स्वतःच सुट्टीत मुलांचं शिबिर सुरू केलं. पहिल्याच दिवशी बाई समोरच्या कडुलिंबाखाली हजर. आता हातात काठी आलेली. शिबिर सुटलं आणि माझी पोरं धूम पळाली! मला रडूच कोसळलं.

"रडतीस काय? तू लई बोलतीस. उद्या पोरांना बोलू दे."

मी तोंड आवरलं. पण ते बघायला बाईंना परत येणं झालं नाही. त्याच आठवड्यात त्यांनी अंथरूण धरलं आणि पावसाळ्यात त्या गेल्या.

यंदा शिबिर सुटल्यावर पोरं दारातच घोळका करून भांडत राहिली. शिपाई कुलूप घेऊन ताटकळला. "बाई, बघा ना," असं अगदी ओठावर आलं आणि मी समोर लिंबाकडं पाहिलं. पोरं गेली, कुलूप लागलं, तरी मलाच तिथून निघवेना.